केळी पिकली की कॅमेऱ्याने पिकवली? नऊ आकड्यांची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातली काही वाक्यं वाचायला सोपी केली आहेत. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून आकडेमोड इथे नीट मांडून दिली आहे.)

आज एक प्रयोग करा. घरात दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन असतील तर टेबलावर एक केळं ठेवा, दोन्ही फोनने फोटो काढा आणि फोटो शेजारी शेजारी धरून बघा. एकात केळं लिंबासारखं पिवळं दिसेल, दुसऱ्यात हळदीकडे झुकलेलं. केळं तेच आणि खिडकीतला उजेडही तोच. मग खरा रंग कुठला?

पुण्या-मुंबईत हा गमतीचा प्रश्न आहे. रावेरात हा पैशाचा प्रश्न आहे. रावेर म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा, मध्य प्रदेशच्या सीमेला लागलेला तालुका. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर दोन्ही बाजूंना जे हिरवं दिसत राहतं, ते बहुतेक केळीचंच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी २०२१ मध्ये दुबईला गेली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. पण रोजचा मोठा व्यवहार ट्रकचा आणि व्हॉट्सअ‍ॅपचा. इथून फोटो जातो, तिकडचा व्यापारी फोटो बघतो आणि म्हणतो, ‘माल जास्त पिकलाय, भाव कमी करा.’ आता माल जास्त पिकलाय की फोटो, हे कोण ठरवणार?

मी कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. फोनचे नाही, छोटे कॅमेरे: यंत्रात, खांबावर, कोल्ड स्टोरेजच्या छतावर बसवलेले. त्यांना एम्बेडेड कॅमेरे म्हणतात. असाच एक कॅमेरा एका रायपनिंग चेंबरमध्ये बसवलेला मी बघितला. कुठून तरी विकत आणलेला, तयार. काम एकच: क्रेटमधल्या केळीचा रंग बघायचा आणि माल कितपत पिकला याचा आलेख काढायचा. चेंबरवाले काका मला म्हणाले, ‘भो, हा कॅमेरा पहिल्याच दिवशी केळी पिकवून मोकळा होतो. आणि खरी केळी पिकते तेव्हा याचा आलेख जागचा हलत नाही.’

काकांनी एका वाक्यात फार नेमका दोष सांगितला होता. तो समजायला कॅमेरा रंग कसा बघतो इथून सुरुवात करावी लागेल.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही. त्याला फक्त उजेड किती आला एवढंच कळतं. लाखो बारीक खड्डे, प्रत्येक खड्ड्यात जेवढा उजेड पडेल तेवढा आकडा. रंग कळावा म्हणून प्रत्येक खड्ड्यावर एक रंगीत काच ठेवलेली असते. चार खड्ड्यांच्या चौकोनात दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची; पेटंट मिळालं २० जुलै १९७६ ला. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही याच मांडणीचा एखादा अवतार आहे. हिरव्या काचा दुप्पट का? कारण आपल्या डोळ्याला बारकावे सगळ्यात जास्त हिरव्याच्या आसपासच्या उजेडात दिसतात.

आता अडचण इथे आहे. लाल काच फक्त लाल उजेड आत सोडते असं आपण धरून चालतो. तसं नसतं. लाल काचेतून थोडा हिरवा गळतो, हिरवीतून थोडा लाल आणि बराच निळा, निळीतून थोडा हिरवा. पत्र्याच्या छपरासारखं आहे, पाणी आपल्या पन्हाळीतून जातं पण शेजारच्या पन्हाळीतही उडतं. आपल्या डोळ्यातही तीन प्रकारच्या पेशी आहेत आणि त्यांचीही अशीच सरमिसळ होते. पण डोळ्याची सरमिसळ वेगळी, सेन्सरची वेगळी. प्रत्येक कंपनीच्या सेन्सरची तर आणखी वेगळी. म्हणून सेन्सरमधून निघालेला कच्चा फोटो नेहमी फिका, मळकट दिसतो. सगळ्या रंगांत सगळे रंग थोडे थोडे मिसळलेले असतात.

ही सरमिसळ परत सोडवायची म्हणजे कलर करेक्शन मॅट्रिक्स लावायचं. नाव जड आहे, आत आहेत फक्त नऊ आकडे. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन. एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी मी निवडलेत, पण खऱ्या कॅमेऱ्यात साधारण असेच असतात:

नवा लाल = १.६० × लाल − ०.४५ × हिरवा − ०.१५ × निळा
नवा हिरवा = −०.३० × लाल + १.५५ × हिरवा − ०.२५ × निळा
नवा निळा = ० × लाल − ०.६० × हिरवा + १.६० × निळा

पहिली ओळ साध्या मराठीत वाचा: लालच्या खात्यात हिरव्याचे आणि निळ्याचे जे पैसे चुकून जमा झालेत ते काढून घ्या, आणि जे उरेल ते वाढवून द्या. उणे चिन्हं त्यासाठी आहेत.

आणखी एक बघा. प्रत्येक ओळीची बेरीज करा. १.६० − ०.४५ − ०.१५ = १. दुसरी ओळ, १. तिसरी, १. हा योगायोग नाही. राखाडी वस्तूत लाल, हिरवा, निळा सारखेच असतात, समजा तिन्ही १००. ओळीची बेरीज १ असेल तर बाहेरही १००, १००, १०० येणार. म्हणजे राखाडी राखाडीच राहतं, पांढरं पांढरंच, आणि बाकीचे रंग त्याच्यापासून दूर सरकतात.

आता केळं घालू. पिकलेल्या केळाचा एक ठिपका: लाल १५०, हिरवा १३०, निळा ६०. मॅट्रिक्समधून काढला की लाल १७२.५, हिरवा १४१.५, निळा १८. अर्धकच्च्या केळाचा ठिपका: लाल ११०, हिरवा १३०, निळा ६०. बाहेर येतो लाल १०८.५, हिरवा १५३.५, निळा १८.

लाल भागिले हिरवा हे गुणोत्तर काढा. मॅट्रिक्सच्या आधी पिकलेलं १.१५ आणि अर्धकच्चं ०.८५. मॅट्रिक्सनंतर १.२२ आणि ०.७१. दोघांमधलं अंतर ०.३० वरून ०.५१ झालं. केळं पिकताना सालीतलं हरितद्रव्य मोडत जातं, आणि आत आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. हरितद्रव्य लाल उजेड गिळतं. ते गेलं की साल लाल उजेड परत फेकायला लागते. म्हणून आपल्याला जरी केळं ‘पिवळं’ होताना दिसलं तरी कॅमेऱ्याच्या हिशोबात खरा बदल लाल खात्यात होतो. निळं खातं कच्च्या केळातही रिकामं असतं, पिकल्यावरही रिकामंच.

मग काकांचा कॅमेरा का फसत होता? मॅट्रिक्समुळे नव्हे, त्याच्या आधीच्या पायरीमुळे. त्या पायरीचं नाव व्हाइट बॅलन्स. बल्बचा उजेड पिवळसर, दुपारचं ऊन पांढरं, ढगाळ उजेड निळसर. कॅमेऱ्याला आधी उजेडाचा रंग काढून टाकावा लागतो. त्यासाठी लाल आणि निळ्याला एकेका आकड्याने गुणतात. पण उजेडाचा रंग कॅमेऱ्याला कळणार कसा? स्वस्त कॅमेऱ्यांत एक ठोकताळा असतो: सगळ्या फोटोची सरासरी काढा, ती राखाडी आली पाहिजे. नाही आली तर उजेडाला रंग आहे असं समजा आणि तो पुसून टाका.

लग्नाच्या फोटोत हे बऱ्यापैकी चालतं, कारण तिथे सगळ्या रंगांचे कपडे असतात. चेंबरमध्ये काय असतं? भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवी केळी. सरासरी हिरवी. कॅमेरा म्हणतो, ‘उजेड हिरवा आहे वाटतं,’ आणि लाल-निळं वाढवून हिरवं मारून टाकतो. कच्ची केळी पहिल्याच दिवशी पिवळसर दिसायला लागते. तीन-चार दिवसांनी केळी खरोखर पिवळी होते, तर कॅमेरा म्हणतो, ‘आता उजेड पिवळा झाला,’ आणि तेही पुसतो. जे मोजायचं तेच तो नेमाने पुसत राहतो. आलेख जागचा हलणार कसा?

रंग मोजायचा असेल तर आपोआप चालणारं व्हाइट बॅलन्स बंद करायचं, हा पहिला उपाय. चेंबरमध्ये दिवा एकच, तो बदलत नाही. एक राखाडी कार्ड क्रेटच्या शेजारी लावायचं, त्यावर तिन्ही खाती सारखी येतील असे गुणक एकदा ठरवायचे आणि कुलूप लावायचं. बस. कार्ड तिथेच राहू द्यायचं, म्हणजे दिवा जुना झाला, लेन्सवर ओल धरली, तर ते लगेच कळतं.

फोनवाल्यांनो, तुमच्याही फोनमध्ये हेच होतं. केळीच्या बागेत आत जाऊन पानांचा जवळून फोटो काढा. तिथे उजेडच पानांतून गाळून आलेला, हिरवा. फ्रेममध्ये सगळं हिरवं. फोन गोंधळतो. हरण्या रोग, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, त्याच्या पिवळ्या रेघा ओळखायला लोक पानांचे फोटो पाठवतात, तेव्हा पानाशेजारी एक पांढरा कागद धरला तरी बघणाऱ्याला फार मदत होते. फोन चकला तरी कागद बघून कितपत चकला ते कळतं.

आता परत त्या नऊ आकड्यांकडे. ते येतात कुठून? त्यासाठी २४ रंगीत चौकोनांचा एक तक्ता मिळतो, कलरचेकर. हाही १९७६ चा. चोवीस चौकोनांचे खरे रंग आधीच मोजलेले असतात. तुम्ही तक्त्याचा फोटो काढता, सेन्सरने काय आकडे दिले ते एका बाजूला लिहिता, खरे आकडे दुसऱ्या बाजूला. प्रत्येक चौकोनाची तीन समीकरणं, म्हणजे एकूण ७२, आणि शोधायचे आकडे नऊ. सगळी ७२ तंतोतंत जुळवणं शक्य नसतं, म्हणून एकूण चूक कमीत कमी राहील असे नऊ आकडे काढायचे. इंजिनिअरिंगच्या गणितात लीस्ट स्क्वेअर्स नावाने जे शिकवतात आणि परीक्षा झाली की आपण विसरतो, ते हेच. पायथॉनमध्ये एका ओळीचं काम आहे.

तंतोतंत का जुळत नाही? सेन्सरची सरमिसळ आणि डोळ्याची सरमिसळ एकमेकांत नऊ आकड्यांनी पूर्ण बदलता आली असती तर जुळलं असतं. जर्मन शास्त्रज्ञ लुथर यांनी १९२७ मध्ये ही अट मांडली. प्रत्यक्षात कोणताही नेहमीचा सेन्सर ती पूर्ण पाळत नाही. म्हणून मॅट्रिक्स हा नेहमी तोडगा असतो: एका रंगाला न्याय दिला की दुसऱ्यावर थोडा अन्याय होतो. फोन बनवणारे माणसाच्या त्वचेच्या रंगाला जास्त वजन देतात, ते त्यांच्या जागी बरोबर आहे. चेंबरमध्ये मला चेहरे बघायचे नाहीत. मी पिवळ्या आणि हिरव्या चौकोनांना जास्त वजन देईन आणि जांभळ्याचं जे होईल ते होऊ देईन. केळीच्या कॅमेऱ्याला केळीचंच मॅट्रिक्स हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. फोनमधून उचललेलं नको.

तक्ता बरोबर नेण्याची ही कल्पना किती मोलाची आहे बघा. बायर यांना पेटंट मिळालं त्याच दिवशी, २० जुलै १९७६ ला, नासाचं वायकिंग १ मंगळावर उतरलं. (कॅलेंडरवर दोन्ही तारखा बघून मी स्वतः चकित झालो होतो.) त्याच्या कॅमेऱ्यात बायरची मांडणी नव्हती, तंत्र वेगळं होतं, पण रंगाचा प्रश्न तोच. पहिला रंगीत फोटो आला तेव्हा घाईत रंग बसवले गेले आणि मंगळाचं आकाश निळं दिसलं, आपल्यासारखं. मग यानाच्या अंगावर बसवलेले रंगीत तक्ते फोटोत कसे दिसतात ते बघून रंग दुरुस्त केले, तेव्हा आकाश गुलाबीसर तांबूस निघालं. तिथे जाऊन डोळ्याने बघणारं कुणी नव्हतं. साक्षीदार फक्त तो तक्ता.

इथून पुढचा भाग हातात सोल्डरिंगची बंदूक घेतलेल्या मंडळींसाठी. पण बाकीच्यांनीही ऐका, गंमत आहे.

मॅट्रिक्स कधी लावायचं याला क्रम असतो. सेन्सर पूर्ण अंधारातही शून्य देत नाही. रास्पबेरी पायच्या दुसऱ्या कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स२१९ सेन्सर आहे, तो १० बिटच्या मापात अंधारालाच ६४ म्हणतो. हे ६४ आधी वजा करायचे. नाही केले तर प्रत्येक रंगात सारखीच राख मिसळल्यासारखी होते आणि पुढचं सगळं गुणोत्तर बिघडतं. मग व्हाइट बॅलन्स, मग चार खड्ड्यांतून पूर्ण रंगीत ठिपके तयार करणं, मग मॅट्रिक्स आणि सगळ्यात शेवटी गॅमा.

गॅमा म्हणजे पडद्यासाठी केलेली वाकडी मोजपट्टी. अर्धा उजेड असेल तर फाइलमध्ये १२८ लिहिलेलं नसतं, साधारण १८८ असतं. आता विचार करा, सरमिसळ झाली कुठे? काचेत, खऱ्या उजेडात. मग ती वजा करायची तीही खऱ्या उजेडाच्या सरळ मापात. गॅमा लावलेल्या आकड्यांवर मॅट्रिक्स चालवलं तर केळाचा रंग चुकीचा येतो. म्हणून जेपेग फाइल घेऊन तिच्यावर थेट मॅट्रिक्स लावण्यात अर्थ नाही. बाजारातल्या बऱ्याच छोट्या मॉड्यूलमध्ये सेन्सरच्या चिपमध्येच हे सगळं उरकून जेपेग बाहेर येतो. ते स्वस्त आहे, सोपं आहे, दारावर कोण आलं ते बघायला छान आहे. रंग मोजायला कच्चे आकडे देणारा कॅमेराच घ्या.

पुढची गंमत ऋण आकड्यांची. एकदम पिवळ्याधमक केळाचा ठिपका घेऊ: लाल १५०, हिरवा १३०, निळा ४०. नवा निळा = −७८ + ६४ = −१४. उणे चौदा उजेड कसा असेल? म्हणजे हे पिवळं इतकं गडद आहे की आपल्या नेहमीच्या पडद्याच्या रंगांत ते बसतच नाही. इथे शून्यावर थांबवावं लागतं. ते न करता कुणी ० ते २५५ मापाच्या बाइटमध्ये −१४ कोंबलं तर कॉम्प्युटर ते २४२ म्हणून वाचतो. लाल १७५, हिरवा १४६, निळा २४२. फिक्या जांभळ्या रंगाची केळी! फोटोत सगळी केळी नीट आणि मधेच एखादीवर जांभळे डाग दिसले तर रोग शोधू नका, कोड बघा.

छोट्या चिपमध्ये दशांशाचं गणित महाग पडतं, म्हणून आकडे २५६ ने गुणून पूर्णांक करतात आणि शेवटी २५६ ने भागतात. १.६० चे होतात ४१०, −०.४५ चे −११५, −०.१५ चे −३८. बेरीज करा: २५७. एक जास्त! प्रत्येक आकडा बरोबर राउंड केला, तरी ओळीची बेरीज बिघडली. २५६ च्या मापात ही चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे, डोळ्याला कळणार नाही. पण चिप लहान म्हणून कुणी १६ चं माप घेतलं तर आकडे येतात २६, −७, −२. बेरीज १७. म्हणजे पांढऱ्या भिंतीत लाल सहा टक्के जास्त, भिंत गुलाबी. उपाय सोपा आहे: राउंड करून झालं की बेरीज तपासा आणि उरलेला एक कुठल्यातरी आकड्यातून काढून घ्या. −३८ चे −३९ करा, हिशोब जुळला. वाण्याच्या बिलात शेवटी पैसे जुळवतात तसं.

आणि वेग? ६४० बाय ४८० चा फोटो म्हणजे ३ लाख ७ हजार २०० ठिपके. प्रत्येकाला नऊ गुणाकार. सेकंदाला ३० फोटो असतील तर सव्वाआठ कोटींच्या वर गुणाकार, तेही फक्त या एका पायरीसाठी. म्हणून फोनमध्ये हे काम मुख्य प्रोसेसरकडे नसतं, आयएसपी नावाचं वेगळं सर्किट ते करतं.

पण थांबा. केळी काय पळून चालली आहे का? सेकंदाला ३० फोटो कशाला? पंधरा मिनिटांनी एक फोटो भरपूर झाला. आणि त्यातही एक युक्ती आहे, ती मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडते. मॅट्रिक्स हे फक्त गुणाकार आणि बेरीज आहे. त्यामुळे आधी प्रत्येक ठिपका दुरुस्त करून मग सरासरी काढा, किंवा आधी सरासरी काढून मग ती एकदाच दुरुस्त करा, उत्तर तेच येतं. (मधे शून्यावर थांबवायचं नाही आणि कुठला ठिपका उजेडाने फुटलेला नको, एवढीच अट.) म्हणजे केळाच्या सालीवरचा १०० बाय १०० चा चौकोन घ्या, दहा हजार ठिपक्यांची सरासरी काढा आणि मग नऊ गुणाकार करा. फक्त नऊ! शंभर-दोनशे रुपयांची चिपही हे जांभई देत करेल.

यात दुसराही फायदा आहे. मॅट्रिक्स रंग वाढवतं तसं फोटोतली खरखरही वाढवतं. आपल्या पहिल्या ओळीत ती खरखर साधारण १.६७ पट होते: तिन्ही आकड्यांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. रात्रीचे फोटो रंगीत ठिपक्यांनी भरलेले दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे, आणि म्हणून काही कॅमेरे अंधारात मुद्दाम मवाळ मॅट्रिक्स लावतात, रंग थोडे फिके ठेवून. पण दहा हजार ठिपक्यांच्या सरासरीत सुटी सुटी खरखर शंभर पट कमी होते. मग १.६७ पटीची चिंता कशाला?

जे मॅट्रिक्सला जमत नाही तेही सांगतो. उजेडात जो रंग नाही तो कुठलेही नऊ आकडे परत आणू शकत नाहीत. पांढरा एलईडी खरं तर निळा दिवा असतो, त्यावर पिवळी पावडर. स्वस्त एलईडीत गडद लाल उजेड फार कमी असतो. आणि आत्ताच बघितलं की केळीची सगळी बातमी लाल खात्यात आहे! म्हणून कॅमेऱ्यावर दोन हजार जास्त घालण्याऐवजी दिव्यावर पाचशे जास्त घाला, लाल उजेड नीट देणारा एलईडी बघून. दुसरं, ‘नाइट व्हिजन’ म्हणून विकले जाणारे कॅमेरे. सिलिकॉनला इन्फ्रारेडही दिसतं. साध्या कॅमेऱ्यात ते अडवणारी काच असते, नाइट व्हिजनच्या काही मॉड्यूलमध्ये ती काढलेली असते. पानं इन्फ्रारेड भरभरून परत फेकतात, आणि ते तिन्ही खात्यांत घुसतं. उन्हात बागेचा फोटो काढला तर पानं गुलाबी-जांभळी दिसतात. ते मॅट्रिक्सने सुटणारं प्रकरण नाही, काच परत लावावी लागते.

तिसरी गोष्ट खुद्द केळीची. आपल्याकडची कॅव्हेंडिश गटातली केळी चेंबरमध्ये १६ ते १८ अंशांच्या आसपास, इथिलीन देऊन पिकवतात, आणि रंगाच्या सात पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. पण हीच केळी २४ अंशांच्या वर पिकली तर गर मऊ होतो आणि साल हिरवटच राहते, हरितद्रव्य पूर्ण मोडत नाही. रावेरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. चेंबरचं कूलिंग एक रात्र बंद पडलं की कॅमेरा अगदी खरं सांगेल, ‘साल हिरवी आहे,’ आणि आत केळी पिकून गेलेली असेल. म्हणून रंगाच्या आलेखाखाली तापमानाचा आलेख हवाच. दोन्ही शेजारी असले तरच मी त्यावर ट्रक सोडायला सांगेन.

फोनच्या फोटोवरून भाव ठरवण्याबद्दल विचाराल तर मी विरोधात आहे. फोन मॅट्रिक्सवर थांबत नाही. खाण्याची वस्तू दिसली की अनेक फोन रंग आणखी गोड करतात, मग व्हॉट्सअ‍ॅप फाइल आवळतं, मग तिकडच्या माणसाच्या फोनचा पडदा आपली भर घालतो. पाठवायचाच असेल तर फणीशेजारी पांढरा कागद ठेवा, आणि शक्य असेल तर रंगाच्या सात पायऱ्यांचा छापील तक्ता त्याच फ्रेममध्ये घ्या. मग फोटो कितीही बिघडू दे, केळी आणि तक्ता दोघंही सारखेच बिघडतील, आणि समोरच्याला तुलना करता येईल. दोन्हीकडे तोच तक्ता असला तर भांडण अर्ध्यावर येतं.

तुमच्या फोनचे नऊ आकडे बघायचे असतील तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये जाऊन रॉ फोटो काढा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ती डीएनजी फाइल असते. एक्झिफ दाखवणारं कुठलंही अ‍ॅप घ्या आणि ‘कलर मॅट्रिक्स’ नावाची ओळ शोधा. पुष्कळदा दोन संच सापडतील, एक बल्बच्या पिवळसर उजेडासाठी, एक दिवसाच्या उजेडासाठी. मधल्या उजेडाला दोन्हींचं मिश्रण वापरतात. डीएनजीतले आकडे उलट्या दिशेने लिहिलेले असतात, खऱ्या रंगाकडून सेन्सरकडे, त्यामुळे आपल्या उदाहरणासारखे दिसणार नाहीत आणि ओळींची बेरीजही १ येणार नाही. रास्पबेरी पाय असेल तर आणखी सोपं: ट्यूनिंग फाइल साध्या टेक्स्टमध्ये असते, ‘सीसीएम’ असा भाग शोधा, आकडे बदला, कॅमेरा परत सुरू करा. प्रत्येक ओळीची बेरीज १ ठेवून एकदा बदला, मग मुद्दाम १.१ करून बघा. काय दिसलं ते आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात लावू.